कुंभार्ली घाटातल्या गाड्यांचे शॉकअप : प्रकल्प नोंदी

५ मे

आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना यंदा प्रकल्प म्हणून इंजिन कापून रंगवायला द्यायचं नाही, हे दिवाळीतच ठरवलं होतं. असली कापलेली इंजिनं आमच्या वर्कशॉपमध्ये आधीच धूळ खात पडलीत. रंग मात्र झकास. यंदा चालत्या गाड्या बघायच्या. कराडहून पाटण, हेळवाक, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून पोफळी-चिपळूणकडं जाणाऱ्या वडाप गाड्या (सीट भरून माणसं नेणाऱ्या), आणि तालुक्यातल्या शाळेच्या व्हॅन. विषय एकच : शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर.

ब्रेक गेला की ड्रायव्हर त्याच दिवशी गॅरेज गाठतो. हॉर्न बंद पडला तर वाटेतच थांबतो. शॉकअप मात्र वर्ष-दोन वर्षं हळूहळू मरत असतो आणि त्याच्यासाठी म्हणून कुणी येत नाही. आला तर ‘खालून खडखड वाजतंय’ म्हणून येतो, आणि वाजत असतो बहुतेक वेळा बुश नाहीतर लिंक रॉड. मेलेला शॉकअप गुपचूप असतो.

वडापवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांशी स्टँडमागं चहाच्या टपरीवर बोलणं झालं. त्यांची अट एवढीच : गाडीचा नंबर कुठं लिहायचा नाही आणि कागद आरटीओकडं जायचा नाही. मान्य केलं. गाड्यांना आम्ही आमचे आकडे दिलेत. गाडी १ ते ३ ईको, ४ आणि ५ बोलेरो, ६ जुनी कमांडर जीप, ७ अर्टिगा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्याच्या आत व्हॅनवाल्यांचं काम उरकायचं.

७ मे

सुरुवात नेहमीच्या पद्धतीनं. गाडीच्या एकेका कोपऱ्यावर अंगाचा भार देऊन दाबायचं, सोडायचं, किती हेलकावे येतात ते बघायचं. वर येऊन एकदा जागेवर बसली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप गेला. गॅरेजमध्ये सगळे हेच करतात आणि पूर्ण मेलेला शॉकअप यात सापडतोही. अर्धमेला सापडत नाही. हातानं दाबताना पिस्टन फार सावकाश सरकतो. तेवढ्या वेगाला बुशचं रबर, सील आणि पाट्यांचं (एकावर एक पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) घर्षणच गाडी थांबवतं. चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा पिस्टन त्याच्या कितीतरी पट वेगानं पळतो आणि आतल्या झडपा त्या वेगाला उघडायला बनवलेल्या असतात. त्या ढिल्या झाल्यात का, हे तळहाताला कळत नाही.

पोरांना विचारलं, गाडीचं वजन कोण पेलतं? अर्ध्यांनी शॉकअप सांगितलं. म्हणजे सुरुवात इथूनच करायला हवी. वजन पेलते स्प्रिंग किंवा पाटा. शॉकअप काढून ठेवला तरी गाडी त्याच उंचीवर उभी राहते. त्याचं काम हालचाल आवरायचं. दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा तो तेलाला बारीक भोकांतून ढकलून गरम करण्यात घालवतो. उघडताना जास्त अडवतो, दबताना कमी. तेल कमी झालं, पातळ झालं, त्यात हवा मिसळून फेस झाला किंवा झडप झिजली, की ती ऊर्जा जायला जागा राहत नाही. मग स्प्रिंग ती चाकाला आणि बॉडीला परत देते, पुन्हा पुन्हा.

१० मे

मोजायची पद्धत बसवली. बाभळीचे दोन चौरस ओंडके, उंची ७५ मिलिमीटर. मागची दोन्ही चाकं त्यावर चढवायची, गाडी न्यूट्रलला आणायची आणि हळूच ढकलून चाकं एकदम खाली पाडायची. चाकाच्या वर, मडगार्डच्या कडेला शिंप्याची टेप चिकटवली. समोर तिपाईवर मोबाईल, सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन. तिपाई म्हणजे लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून आणलेली, तिच्या एका पायाला खिळा मारलेला आहे.

मग व्हिडिओ एकेक चित्र पुढं सरकवत बघायचा. गाडी उभी असताना टेपचा जो आकडा दिसतो तो शून्य धरायचा. पडल्यावर बॉडी किती खाली गेली, नंतर त्याच बाजूला दुसऱ्यांदा किती गेली, या दोन आकड्यांचं गुणोत्तर हाच सगळा जीव. दुसरा हेलकावा पहिल्याच्या सहाव्या हिश्शावर आला तर डॅम्पिंग रेशो, म्हणजे हेलकावे किती लवकर विझतात त्याचं माप, निघतो साधारण ०.२७. निम्म्यावरच आला तर ०.११. प्रवासी गाड्या साधारण ०.२ ते ०.४ च्या दरम्यान ठेवतात. नैसर्गिक लॉगॅरिदम बघितल्यावर दोन पोरं चहाला पळाली. एक पोरगी मात्र बसली आणि तिनं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर सूत्र बसवून वहीत तक्ता करून टाकला. आता गुणोत्तर बघायचं आणि शेजारचा आकडा वाचायचा. बारावीला गणित सोडून आलेली आहे म्हणे.

११ मे

दुपारी वळीव. वर्कशॉपच्या पत्र्यावर गारा, वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. काम बंद.

१४ मे

तिन्ही ईको, दोन्ही बोलेरो, अर्टिगा झाल्या. अर्टिगा तरुण आहे, आकडा ०.२६, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ईकोंमध्ये गाडी २ मागं ०.१२. एक हेलकावा पूर्ण व्हायला पाऊण सेकंदाच्या आतबाहेर लागतो आणि ती चार हेलकाव्यांनंतरही टेपवर हलताना दिसते. गंमत अशी की ७ तारखेला हातानं दाबल्यावर हीच गाडी आम्ही ‘बरी’ म्हणून लिहिली होती. म्हणूनच ओंडके.

कमांडरला सूत्र लागू होत नाही. तिला चारी बाजूंनी पाटे, आणि पाट्यावर पाटा घासून स्वतःच गाडी थांबवतो. तिथं हेलकावे गुणोत्तरानं घटत नाहीत, ठरावीक मापानं कमी होत जातात आणि मग गाडी एकदम थबकते. तिचा शॉकअप आम्ही काढूनच बघितला तर हातात सायकलच्या पंपासारखा वर-खाली गेला. कधीपासून, देव जाणे. गाडीवाल्या आबांना विचारलं तर म्हणाले, “मास्तर, गाडी काय त्रास देत न्हाई. वळणावर जरा मागनं सरकती. मी आधीच वेग कमी करतो.”

यात सगळं आलं. गाडी महिन्याला जेवढी बिघडते, तेवढा ड्रायव्हर नकळत स्वतःला तिच्याशी जुळवून घेतो. आबा या रस्त्यावर चाळीसेक वर्षं आहेत, त्यांना प्रत्येक वळणावर कुठं सोडायचं ते ठाऊक आहे. त्या जुळवून घेण्यात जागा नसते ती फक्त अचानक समोर आलेल्या म्हशीला, आणि सुट्टीत गाडी चालवायला बसलेल्या त्यांच्या नातवाला.

१७ मे

आज फक्त गाडी ४. बोलेरो, पासिंग नऊ जणांचं, शनिवारच्या बाजाराला माणसं तेरा, टपावर कोंबड्यांच्या पाट्या आणि पोती. मागून गाडी बसते, टायर मडगार्डला घासतो, म्हणून मालकानं कराडात मागं एकेक पाटा वाढवून घेतला. शॉकअप जुनेच. ‘आता एकदम टाइट झाली’ म्हणतो.

घाटातल्या निम्म्या वडाप गाड्यांना हे केलेलं आहे आणि माझ्या मते या सगळ्या प्रकल्पात यापेक्षा वाईट दुरुस्ती दिसणार नाही. पाटा वाढवल्यानं गाडी बसत नाही, हे खरं. पण स्प्रिंग जेवढी कडक, वर वजन जेवढं जास्त, तेवढा तिला आवरायला शॉकअप जास्त ताकदीचा लागतो. फळ्यावर हिशोब मांडला. पाट्याचा कडकपणा पाव पटीनं वाढला आणि मागच्या ॲक्सलवरचं वजन दीडपट झालं, तर त्याच शॉकअपचा डॅम्पिंग रेशो पाव भागाहून जास्त खाली येतो. नवा शॉकअप असला तरी. मालकाला हे ‘टाइट’ वाटतं कारण गाडी आता कमी खोल जाते. पण ती जास्त जलद उसळते. रिकामी परतताना तर मागचं चाक खड्ड्याखड्ड्याला रस्ता सोडतं.

दुसरी गोष्ट आणखी आत लपलेली. या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब भार बघून कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आहे. तो भार मोजत नाही, त्याला मोजता येतच नाही. तो बघतो बॉडी आणि ॲक्सलमधलं अंतर, एका दांड्याच्या साहाय्यानं. मागून गाडी खाली बसली म्हणजे माणसं भरलेली आहेत, द्या मागं जास्त दाब. पाटा वाढवला की भरलेली गाडीही उंच राहते, व्हॉल्व्हला वाटतं रिकामीच आहे, आणि तो मागचा ब्रेक कापतो. तेरा माणसं, घाटाचा उतार आणि ब्रेकचं सगळं काम पुढच्या दोन चाकांवर. खाली वाकून बघितलं तर दांडा तारेनं वर बांधून ठेवलेला. कुणातरी शहाण्यानं ‘मागचा ब्रेक लागत नाही’ या तक्रारीवर काढलेला हा उपाय. म्हणजे आता उलट, गाडी रिकामी असताना मागची चाकं आधी लॉक होणार आणि ओल्या वळणावर शेपूट फिरणार.

मालकाला तिथंच दाखवलं. तो खाली वाकला, तार बघितली, उठला आणि म्हणाला, “सर, पासिंगला तर चालली की गाडी.” पासिंगला गाडी रिकामी जाते, धुऊन जाते. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी एकदा. उरलेले दिवस ती इथं असते.

२१ मे

गाडी २ घेऊन कोल्हापूर. तिथं अलाइनमेंटवाल्या एका मोठ्या दुकानात सस्पेन्शन तपासायची पट्टी बसवलेली आहे. चाक लोखंडी पाटावर उभं करायचं, पाट सेकंदाला २५ वेळा सहा मिलिमीटरनं वर-खाली थरथरतो आणि हळूहळू थांबतो. थांबता थांबता चाकाच्या उडण्याचा नेमका वेग सापडतो, त्या क्षणी चाक पाटावर किती कमी भारानं टेकलंय ते मशीन टिपतं. उभ्या गाडीच्या भाराशी त्याची टक्केवारी. युरोपातल्या शॉकअप बनवणाऱ्यांच्या संघटनेनं ठरवलेली ही पद्धत आहे, युसामा नावाची. साठाच्या वर उत्तम, चाळिसाच्या खाली कमजोर, विसाच्या खाली चाक अधूनमधून जवळजवळ हवेतच.

मला हे मशीन आवडतं ते एवढ्यासाठी की ते गादीचा आराम मोजत नाही, रस्त्यावरची पकड मोजतं. शॉकअपला लोक आरामाचा भाग समजतात. पाठ दुखायला लागली की बदलू. ब्रेकच्या लायनरइतकाच तो ब्रेकचा भाग आहे, हे या कागदावर दिसतं.

आमच्या गाडीचे आकडे : पुढं ५१ आणि ४८, मागं डावं २९, उजवं १८. दुकानातल्या पोरानं आधी ४० वाचलं होतं मागं. मी हवा तपासायला लावली तर मागच्या टायरमध्ये २२ पीएसआय. टायर मऊ असला की तोच थरथर खातो आणि मशीन फसतं. हवा भरून पुन्हा चढवली तेव्हा खरे आकडे आले. हलक्या गाडीचं मागचं ॲक्सल तसंही थोडे कमी आकडे दाखवतं, त्यामुळं २९ वर मी एकट्याच्या भरवशावर शॉकअप फेकला नसता. पण डाव्या-उजव्यात अकराचा फरक आहे, आणि १८ ला कुठलंच स्पष्टीकरण पुरत नाही.

परत येताना कराडजवळ जेवण. बिल संघटनेनं दिलं, हे नोंदवून ठेवतो.

२३ मे

टायर. पोरांना डोळे मिटून हात फिरवायला लावले. गाडी २ च्या मागच्या उजव्या टायरवर तळहात फिरवला की भाकरी थापताना बोटं उमटावीत तसे उथळ खळगे लागतात, एकाआड एक, सगळ्या गोलाईवर. डोळ्याला टायर निम्मा शिल्लक दिसतो. चाक उडतं, खाली आपटतं, आपटताना थोडं घसटतं आणि तेवढाच भाग खातो. पुढच्या उडीला पुढचा भाग. हवा कमी असेल तर टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त असेल तर मधे, अलाइनमेंट चुकली तर एका कडेला. खळगे मात्र शॉकअप किंवा बेअरिंगचे. बेअरिंग आम्ही चाक उचलून, फिरवून, हलवून बघितलं. ठीक आहे.

एकदा खळगे पडले की नवा शॉकअप टाकूनही टायर भुणभुणत राहतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, पैसे वाया गेले.

२८ मे

आज ज्याची पोरं वाट बघत होती ते. जवळच्या साखर कारखान्याचं उसाचं यार्ड हंगाम संपल्यामुळं मोकळं आहे, सुरक्षा अधिकाऱ्यांनी दोन तास दिले. सकाळी सातला, कुणीही आत नाही, दोन्ही तोंडांना पोरं उभी. गाडीत फक्त मी आणि वाळूची पोती, पोती दोरीनं आवळलेली. गाडी २ मध्ये एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. वेग ताशी ४०. सपाट काँक्रीटवर आधी, मग चाकाच्या वाटेत एक फळी ठेवून, फळी ओलांडली की लगेच पूर्ण ब्रेक. एक फेरी जुन्या शॉकअपवर, मग तिथंच जॅक लावून मागची जोडी बदलली आणि परत.

सपाटावर फरक जवळजवळ शून्य. हे मुद्दाम लिहितो, कारण खराब शॉकअपनं ब्रेकिंगचं अंतर अमुक टक्के वाढतं असं सरसकट सांगणारे फलक मी बघितलेत. गुळगुळीत कोरड्या रस्त्यावर चाक उडतच नाही तर वाढेल कशानं? फळीनंतर मात्र जुन्या जोडीवर गाडी दीड ते दोन मीटर पुढं जाऊन थांबली. एक गाडी, एक सकाळ, एक ड्रायव्हर; याला पुरावा म्हणणार नाही.

पण जमिनीवरच्या खुणा बघण्यासारख्या होत्या. जुन्या जोडीवर फळीच्या पुढं उजव्या चाकाची काळी रेघ सलग नव्हती. ठिपका, मोकळी जागा, ठिपका, मोकळी जागा. टेपनं मोजलं, दोन ठिपक्यांत सुरुवातीला ऐंशी-नव्वद सेंटिमीटर. गाडीचा वेग तिथं सेकंदाला दहा मीटरच्या आसपास. म्हणजे चाक सेकंदाला अकरा-बारा वेळा उडत होतं, आणि पुस्तकात चाकाच्या उडीचा वेग १० ते १५ हर्ट्झ दिलेला असतो. आमची गणितवाली उकिडवी बसून ठिपके मोजत होती, तिनंच हा भागाकार केला. नवी जोडी टाकल्यावर त्याच जागी दोन ठिपके आणि पुढं सलग रेघ.

हवेतल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग नाही, हे कुणालाही पटतं. पोरांना अडलं ते पुढचं : उडालेलं चाक खाली येताना जास्त जोरानं दाबलं जातं, तेव्हा जास्त पकड मिळून हिशोब बरोबरीत का सुटत नाही? कारण टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट झाला तर पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. उडताना जेवढं गमावलं तेवढं आपटताना परत येत नाही. एबीएसवाल्या गाडीला आणखी वेगळं दुखणं. चाक उडालं की ते लगेच थांबतं, एबीएसला वाटतं घसरलं, तो दाब सोडतो, आणि चाक जमिनीवर येईस्तोवर ब्रेक सुटलेला. म्हणून नवी गाडी आहे, एबीएस आहे, शॉकअपचं काय एवढं, हे व्हॅनवाल्यांचं म्हणणं मला मान्य नाही.

३ जून

काढलेले शॉकअप उघडले. उघडण्याआधी सगळ्यांना चष्मे. गॅस भरलेला शॉकअप असेल तर आत नायट्रोजन दाबाखाली असतो. गॅस वेल्डिंगची ज्योत त्याला लावायची नाही म्हणजे नाही. शिकंज्यात धरून, वरून फडकं टाकून, बारीक ड्रिलनं हळू भोक पाडायचं, फुस्स झालं की मग करवत. गाडी २ चा उजवा कापला तर तेल निम्म्याहून कमी, काळं, त्यात चकाकणारा चुरा. रॉडवर बोटाएवढ्या लांबीत क्रोम उडालेला. धुळीचा रबरी बूट फाटलेला होता, तिथून माती, मातीनं रॉड घासला, रॉडनं सील कापलं, सीलमधून तेल गेलं. वीस-तीस रुपयांच्या बुटापासून सुरुवात.

गाडी ५ च्या जोडीची कथा वेगळी. बाहेरून नव्या, काळा रंग ओला असल्यासारखा. रंग खरवडला तर नळीला वेल्डिंगचा वळ. ‘रिपेअर’ शॉकअप. जुना कापून, सील बदलून, मिळेल ते तेल भरून पुन्हा जोडलेला. वास आणि चिकटपणा इंजिन ऑइलचा. सकाळी थंडीत दगडासारखा कडक, आणि तासाभरानं गरम झाला की पाणी. हाताखाली घेऊन बघितलं तर दिशा बदलताना बोटभर पोकळ चाल. मालकाला हे नव्याच्या निम्म्या किमतीत मिळालेत आणि तो खूश आहे. त्याला पोकळ चाल त्याच्याच हातानं बघायला लावली. काही बोलला नाही, पण नव्या जोडीचा भाव विचारून गेला.

बसवताना पोरांकडून दोन गोष्टी घोटून घेतल्या. दुहेरी नळीचा नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, आतल्या नळीत हवा शिरलेली असते. उभा धरून पूर्ण उघडून-दाबून हवा काढल्याशिवाय बसवायचा नाही. आणि खालच्या बुशचा नट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचा आवळायचा नाही. चाकं जमिनीवर टेकली, भार आला, मग. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि दोन महिन्यांत फाटतं. एका ॲक्सलवर जोडीच बदलायची, हे सांगायची गरज पडू नये, पण स्टँडवर एकेक बदलणारे आहेत.

९ जून

घाट. सकाळपासून पाऊस, कोयनानगरच्या वर धुकं. इथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पहिल्या आठवड्यातच डांबर उखडायला सुरुवात होते. गाडी २ नव्या जोडीवर, गाडी ६ आबांची जुन्यावरच, मागोमाग.

पोफळीला उतरल्यावर चाकांखाली हात घालून शॉकअपच्या नळ्या चाचपल्या. शेजारी एक्झॉस्ट नाही ना ते आधी बघून. गाडी २ च्या चारी कोमट, ओल्या असूनही. आबांच्या पुढच्या दोन किंचित कोमट, मागच्या दोन्ही थंडगार. बावीस-पंचवीस वळणं आणि एवढे खड्डे खाऊनही जो तापला नाही, त्यानं काम केलेलं नाही. काहीही न खोलता, पैसे न घालवता करता येणारी ही तपासणी पोरांना सगळ्यात आवडली. मलाही.

आबांच्या मागं गाडी चालवताना आणखी एक दिसलं, ते आमच्या तक्त्यात कुठंच नाही. मागून भरलेली गाडी झुलत असली की तिचे हेडलाइट वर-खाली होतात. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं तीनदा डिपर मारला. धुक्यात दर सेकंदाला एकदा प्रकाश त्याच्या डोळ्यात जात होता आणि पुढच्या सेकंदाला आबांच्या समोरचा रस्ता गायब. ओल्या रस्त्यावर साचलेल्या पाण्याचंही तेच. टायर खाली नीट दाबून राहिला तर पाणी कापतो. हलका झाला की त्यावर चढतो, तेही कमी वेगाला.

खाली चहा पिताना आबा म्हणाले, “तुमची ईको वळणात बसून जाती, माझी नाचती, हे मला मागच्या आरशातनं दिसत हुतं.” मागच्या जोडीचे पैसे त्यांनी तिथंच काढून दिले.

१३ जून

शाळेच्या व्हॅन. चार आल्या, पाचवी ‘दुरुस्तीला’ आहे म्हणतात. सगळ्या ईको. ओंडक्यावर दोन बऱ्या, एक काठावर, एक ०.१. त्या शेवटच्या व्हॅनच्या मागच्या सीटखाली स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे गोळे घातलेले, गाडी बसू नये म्हणून. पाटा वाढवण्याचाच हा धाकटा भाऊ. पोरं वजनाला हलकी पण दप्तरं नाहीत. एका व्हॅनमधली दप्तरं काट्यावर ठेवली तर एका मोठ्या माणसापेक्षा जास्त भरली.

०.१ वाल्याला सोमवारपासून फेऱ्या आहेत. रबर काढून, मागची जोडी उद्या सकाळी बसवून देतोय, मजुरी नाही, माल त्याचा. काठावरच्याला दिवाळीपर्यंत मुदत, पण टायरवर दर महिन्याला हात फिरवायला शिकवलंय. शॉकअप बनवणाऱ्या कंपन्या साधारण वीस हजार किलोमीटरला तपासा, ऐंशी हजाराला बदला असं सांगतात. ते चांगल्या रस्त्याचं. इथल्या स्पीडब्रेकरांवर तो आकडा मी धरत नाही. मानकाप्रमाणं ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे ताशी २५ नं आरामात ओलांडता येतो. आमच्या गावांत उंची तीच, रुंदी हातभर.

१८ जून

वह्या जमा. तक्ता पक्का करून वर्कशॉपच्या भिंतीवर लावला, ओंडके आणि टेप कपाटात. अध्यक्षांनी बाकीच्या गाड्या दर पंधरवड्याला दोन-दोन पाठवायचं कबूल केलंय. पुढच्या बॅचला काम मिळालं. गाडी ५ ची नवी जोडी काल बसली, आकडा ०.२४.

गाडी ४ चा वाढवलेला पाटा काढायचा राहिलाय. मालक म्हणतो, खताच्या फेऱ्या संपू देत, जुलैत बघू. तोपर्यंत व्हॉल्व्हच्या दांड्याची तार कापून टाकली, त्याच्यासमोरच. पाट्यामुळं वाढलेल्या उंचीप्रमाणं दांड्याची सेटिंग कंपनीच्या पुस्तकातून बघून तात्पुरती जुळवली आहे, आणि शनिवारी नऊच्या वर माणूस घेणार नाही असं तो म्हणालाय. शनिवारी बाजारात जाऊन मोजणार आहे.